कललेलं पाणी

वजनकाटे दुरुस्त करणं हा माझा धंदा. औषधाच्या दुकानातले, सोनाराकडचे, प्रयोगशाळेतले काचेच्या पेटीत ठेवलेले. चांगल्या काट्याच्या बुडाशी एक बारीकशी डबी असते आणि तिच्यात एक बुडबुडा. तो वर्तुळाच्या मधोमध आला की काटा सपाट बसला. मग तो सांगेल ते खरं. घरीही मी असाच. भिंतीवरचं चित्र तिरकं दिसलं की जेवता जेवता उठतो. बायको म्हणते, "तुला झोपेत कूस तरी बदलता येते का रे?"

परसातलं काचघर आम्ही दोघांनी उभं केलं. फरशी मी स्वतः घातली, बुडबुडा लावून. आत तिचे नेचे, ऑर्किड, कुंडीतलं एक हट्टी लिंबू. पहाटे काचा गारठत आणि ऑर्किडच्या पानांवर काळे डाग पडत. म्हणून मधोमध, जमिनीत पुरून, पाण्याचा मोठा गोल टब बसवायचं ठरलं. पाणी दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर हळूहळू सोडतं.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरी गोष्ट अशी, की तिला पाचवा लागला होता आणि डॉक्टरीणबाईंनी फक्त बसून राहायला सांगितलं होतं. मागच्या खेपेला पाचव्यातच सगळं संपलं होतं. तेव्हा मी हौसेने बाळासाठी एक बुटकं स्टूल करून पिवळं रंगवलं होतं. ते आता काचघराच्या पश्चिम कोपऱ्यात होतं, नेच्याची कुंडी डोक्यावर घेऊन. त्याच्याबद्दल आम्ही बोलत नसू. या खेपेला तिचे दिवस सुखाने सरावेत, बसल्या जागी पाण्यात हात घालता यावा, कमळाचं पान उलगडताना बघता यावं, एवढंच मला हवं होतं.

गवंड्याला सगळे थट्टेने ओळंबा, म्हणजे भिंतीचा सरळपणा बघायचा दोरीचा लोलक, म्हणत, कारण चालताना तो डावीकडे कलायचा. त्याच्या भिंती मात्र कधी कलल्या नाहीत. त्याने खड्डा खणला, तळाला वाळूची गादी केली आणि आपली पाणसळ काढली. पाणसळ म्हणजे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. दोन टोकं दोघांनी धरायची. दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला उभं राहतं. तिथे खुंट्यांवर खुणा करायच्या आणि त्या खुणांवर टबाची कड बसवायची.

"द्या इकडे एक टोक," पूर्वेच्या वेताच्या खुर्चीतून बायको म्हणाली. "नळी धरायला काही पोट दुखत नाही."

खुणा झाल्या. ओळंब्याने त्या फरशीपासून मोजल्या आणि जीभ चावली. "साहेब, वहिनींच्या बाजूला फरशी एक बोट खचलीय."

"फरशी मी घातलीय, काका."

"म्हणून तर सांगतोय."

त्याने नळीला टिचक्या मारून हवा काढली, टोकांची अदलाबदल केली. तिच्या हातातलं पाणी पुन्हा एक बोट वर. "पाणी कुणाची बाजू घेत नाही," तो म्हणाला, आणि मी मान डोलावली. पाण्यावर माझा बुडबुड्याइतकाच विश्वास. पूर्वेची कड आम्ही एक बोट उंच बसवली, भोवती वाळू ठासली, सिमेंट ओढलं.

सिमेंट वाळल्यावर पाणी सोडलं. ती खुर्चीत बसून बघत होती. टब भरत आला, आणि पाणी चहूबाजूंनी एकदम कडेला टेकलं, जणू ताटाला ताट जुळावं. ओळंब्याने शीळ घातली. "बघा. हात लावायला जागा नाही."

ती औषध घ्यायला उठून घरात गेली.

पाणी पश्चिमेच्या कडेवरून सांडू लागलं. आवाज नाही, लाट नाही. नुसतं ओघळत आलं आणि ओळंब्याच्या अनवाणी पावलांभोवती पसरलं. मी पिशवीतली बुडबुड्याची डबी काढून कडेवर ठेवली. बुडबुडा सरळ पूर्वेला पळाला. फरशी कधी खचलीच नव्हती. कडच वाकडी होती, पुरती एक बोट.

"काय सांडलं रे?" तोंड पुसत ती आली, आणि खुर्चीत बसली.

पश्चिमेचं पाणी कडेपासून मागे सरलं. ओल्या काळ्या पट्टीसारखी टबाची भिंत उघडी पडली. पूर्वेला ते चढलं, तिच्या पायाजवळ, आणि तिथेच थांबलं. थरथरलंसुद्धा नाही.

ओळंब्याने नळी पंजा ते कोपर अशी हातावर गुंडाळली. "वहिनी, जपा," एवढंच म्हणाला. फाटकापर्यंत मी त्याच्याकडे बघत होतो. पहिल्यांदाच तो सरळ चालत होता.

मी माझ्या परीने तपासून पाहिलं. खुर्ची उत्तरेला नेली, पाणी उत्तरेला कललं. दक्षिणेला नेली, दक्षिणेला. सूर्यफुलासारखं. मी एकटा बसलो, तर सपाट. सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या. त्यांना बसवलं, तरी सपाटच.

"माझ्याकडे कशाला येईल?" त्या म्हणाल्या. "मी काय साखरेची आहे? आणि जावईबापू, प्रत्येक गोष्टीला काटा लावू नका. आलंय तर येऊ द्या."

मग त्या लसूण सोलत गुणगुणल्या, बायकोही पुढे तेच गुणगुणत राहिली:

पाणी आलं दारी, पाण्याला पाट देऊ,
पोटी कोण पाहुणं, नाव हळूच घेऊ.

महिन्यागणिक पाण्याचा उतार वाढत गेला. एका बोटाची दोन बोटं झाली, मग चार. कमळाची पानं त्या उतारावर निजलेली, एकही घसरत नव्हतं. मी कामावरून येऊन हातपाय धुवायच्या आधी काचघरात जात असे. ती शाल पांघरून बसलेली असे, आणि तिच्या पायाशी पाणी मान उंचावून. मला भीती वाटायला हवी होती. पण देवळात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसं व्हायचं. मी डबी पिशवीतून काढणं सोडलं.

आठव्यात एका दुपारी तिचा फोन आला. "घरी ये," ती म्हणाली. "सकाळपासून हललं नाही."

मी पोचलो तेव्हा सासूबाई फाटकात गाडीची वाट बघत होत्या. ती काचघरात होती, पूर्वेच्या खुर्चीत, दोन्ही हात पोटावर.

पाणी सपाट होतं.

पश्चिमेची फरशी ओली झाली होती. पाण्यात काचेचं छप्पर दिसत होतं, प्रत्येक पट्टी सरळ, प्रत्येक कोन काटेकोर. असं सपाट पाणी मी कुठेही बघितलं असतं तर खूश झालो असतो.

"तू बघ ना नीट," ती म्हणाली. "तुला कळतं. थोडंसं तरी कललंय का?"

मी गुडघ्यांवर बसलो. डोळा कडेला लावला.

"सांग ना रे."

जन्मभर ज्या सपाटीसाठी भांडलो ती समोर पडली होती, आणि मी मनात एकच म्हणत होतो, वाकडं हो. केसभर. वाकडं हो.

ती खुर्चीतून माझ्या शेजारी उतरली. तळवा पाण्यावर टेकवला, आणि ओठातल्या ओठात ते गुणगुणली. पाणी आलं दारी.

छपराच्या पट्ट्या पाण्यात वाकल्या.

एक. मग दुसरी.

पाणी उठलं. तिच्या बोटांवरून, तळव्यावरून, मनगटावरून. कडेच्या वर उभं राहिलं, काचेसारखं, एक थेंब न सांडता. पलीकडे टबाचा तळ उघडा पडला, कमळाचे कंद, वाळू, सगळं. मी श्वास घेतला नाही.

"आई गं," ती म्हणाली, आणि हसली. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली.

मुलगी झाली. सगळं नीट. घरी आणलं त्या सकाळी सासूबाई तिला घेऊन पूर्वेच्या खुर्चीत बसल्या आणि पाणी वीतभर चढून आलं.

"बापाकडे अजून बघत नाही, पण पाण्याशी मैत्री जमली!" त्या म्हणाल्या.

मी हसलो, आणि सवयीने खाली बसून डोळा कडेला लावला.

पाणी मध्ये खोलगट होतं. पूर्वेला चढलेलं होतंच. पण पश्चिमेलाही. जास्त नाही, एक बोट. पाचव्यात, नळी धरली त्या दिवशी होतं तेवढंच. तिकडे कुणी नव्हतं. कोपऱ्यात पिवळं स्टूल होतं, त्याच्यावर नेच्याची कुंडी.

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्या आधीपासून तिकडे बघत होती.

ती सावकाश उठली, टबाला वळसा घालून कोपऱ्यात गेली. कुंडी उचलून खाली फरशीवर ठेवली. पदराने स्टुलावरची माती पुसली, आणि आमच्याकडे परत आली.

पश्चिमेचं पाणी हळूच खाली बसलं. मग रिकाम्या स्टुलाचे पाय फरशीवर किंचित करकरले, कुणी नीट सावरून बसावं तसे.