मामाने बदललेला पाय

दोष मामाचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘वाचकांनीच डोक्यावर घेतलं, त्यात लेखक बिचारा काय करणार’ असला शहाणपणा नंतर कोणी मला शिकवायला नको. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. थरारक कादंबऱ्या लिहितो, आणि त्या खपतात. शेवटची तर इतकी खपली की न्हाव्याच्या दुकानातही वर्तमानपत्राशेजारी तिची एक चुरगळलेली प्रत पडलेली असायची.

त्या कादंबरीत वरच्या मजल्यावर एकटी राहणारी एक लंगडी विधवा आहे. जगात तिला फक्त एक भाऊ, आणि शेवटच्या प्रकरणात तोच तिचा गळा दाबतो. खोली आमची. खिडकी आमची. तपकिरी शाल आईची, काचेवर अंगठी वाजवून खालच्या माणसाला हाक मारायची सवयही आईची. मामाने दोनच गोष्टी बदलल्या. आई लहानपणापासून उजव्या पायाने लंगडते, त्याने डावा केला. आणि मला काढून टाकलं. “मूल आलं की कथानकाचा वेग मरतो,” असं त्याने मुलाखतीत सांगितलं. मी तिथेच बसलो होतो, कॅमेऱ्याच्या बाहेर.

आई नुसती हसली. “लिहू दे रे. त्याला दुसरं येतंय काय?”

मग एका पुरवणीने ‘हीच ती खिडकी’ म्हणून आमच्या घराचा फोटो छापला, गल्लीच्या खुणेसकट. वाचक यायला लागले. खाली उभे राहून फोन वर धरायचे, एकमेकांना गप्प करायचे, देवळात आल्यासारखे. एक बाई तर थेट दारात आल्या, हातात पुस्तक, पानोपानी रंगीत चिठ्ठ्या.

“आत्मा अजून आत आहे म्हणे?”

“आत माझी आई आहे. भाजी निवडतेय.”

“दादा, पुस्तक नीट वाचा. तिला मूल नाहीये.”

“मग मी काय आभाळातून पडलो? या आत, बघा. उजव्या पायाने लंगडते ती.”

“डावा.” बाईंनी एक पान उघडून माझ्या नाकासमोर धरलं. “स्पष्ट लिहिलंय.”

वाहिनीवालेही आले. आईच्या हातचं पाणी पिऊन निवेदिकेने ओठ टिपले आणि म्हणाली, “मावशी, जरा फ्रेमच्या बाहेर व्हाल?” मग कॅमेऱ्याकडे वळून, आवाज खाली आणून, “प्रेक्षकहो, या खोलीत कोणीही राहत नाही... तरी मला इथे कोणाचा तरी श्वास जाणवतोय.” श्वास जाणवणारच. आईला दमा आहे आणि ती दाराआड उभी होती.

त्या आठवड्यात मी आईची चप्पल दुरुस्तीला नेणार होतो. तिच्या उजव्या चपलेला जाड तळ लावलेला असतो, आणि तोच दरवेळी एका बाजूने झिजतो. खाली दाराशी पिशवीत घालताना सहज उलटी केली. जाड तळ जसाच्या तसा होता. डावी चप्पल मात्र तिरकी घासून पार पातळ झाली होती.

मी चपला हातात धरून जिन्यापाशी आलो. भरदुपार होती, पण वीज गेलेली. आमच्या जिन्याला खिडकी नाही. ओल्या भिंतींचा वास तिथे दिवसाही साचलेला असतो. वरच्या पायऱ्यांवर आई चढत होती. एक पाऊल, मग फरफट. एक पाऊल, मग फरफट. या आवाजात मी वाढलो आहे. आई डावा पाय वर टाकते आणि उजवा मागून ओढून घेते. डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं... ती उजवा पाय टाकत होती, आणि डावा ओढत होती.

“आई... पाय दुखतोय का?”

ती थांबली. वळली नाही. “नेहमीचाच आहे.” आणि हात डाव्या गुडघ्यावर ठेवला.

रात्री तिने एकच ताट वाढून घेतलं.

“माझं?”

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. दाराशी आलेल्या अनोळखी माणसाकडे बघतात तशी. मग कसनुसं हसली. “अगबाई... तू पण असतोस, नाही का.”

मीही हसलो. आणि माझं ताट मीच वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मामाकडे गेलो. तो खुर्चीत रेलून स्वतःचीच मुलाखत बघत होता.

“एकदा कॅमेऱ्यासमोर खरं सांग. ती जिवंत आहे, तिचा उजवा पाय अधू आहे, तिला मुलगा आहे. एवढंच.”

“वाचकांचा विरस होतो अशाने. आणि कॉलेज अर्धवट टाकलेल्याने मला माझा धंदा शिकवू नये.”

“मामा, तिला काहीतरी होतंय! ती मला विसरायला लागलीय. तुझी सख्खी बहीण आहे ती.”

“म्हणून तर पाय बदलला,” तो चहावर फुंकर घालत म्हणाला. “तुलाही काढलं. आता ती तुझी आई राहिलीच कुठे?”

ही आपली वडीलधारी माणसं. दुसऱ्याचं घर उचलून स्वतःच्या नावावर खपवायचं, वर उपकार केल्यासारखं बोलायचं.

मग मीच ठरवलं. रविवारी सकाळी सभागृहात मामाची वाचकभेट होती. आईला हाताला धरून नेलं. वाटलं, चारशे लोकांनी जितंजागतं माणूस बघितलं की हे खूळ उतरेल आणि आई मला परत मिळेल. मी माइक हिसकावून घेतला.

“ही बघा ती बाई! मेलेली नाही. हिला हात लावून बघा, हिच्याशी बोला. ही माझी आई आहे.”

आई मंचाकडे निघाली. एक पाऊल, मग फरफट. सगळ्या माना तिच्या डाव्या पायाकडे झुकल्या. कोणीतरी कुजबुजलं, “काय सुंदर काम करतेय!” टाळ्या सुरू झाल्या. वाहिनीचा कॅमेरा पुढे सरसावला. फक्त मामा टाळ्या वाजवत नव्हता. बहिणीचा अधू पाय कुठला, हे त्या गर्दीत मी सोडून त्यालाच ठाऊक होतं.

“आई, सांग ना यांना... मी कोण आहे ते सांग.”

तिने माझ्या हातातून माइक घेतला. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

“मला मूल नाही,” ती म्हणाली.

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. चिठ्ठ्यावाल्या बाई रडत होत्या. आई त्या गोंगाटातून मामापाशी गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“दादा, घरी जाऊ या ना.”

“चिमे... थट्टा पुरे,” मामा पुटपुटला. “तुझा मुलगा... तो बघ, तिथे उभा आहे...”

“मला तुझ्याशिवाय कोण आहे?”

ती त्याच्या गाडीत बसून गेली. वाहिन्यांनी ते दृश्य आठवडाभर दाखवलं. ‘कथेतून उतरलेली बाई’. माझा उल्लेख एकीने केला, ‘संयोजक मंडळींपैकी एक तरुण’ असा.

मी आईला आणायला जातो. जात राहणारच आहे. दार तीच उघडते.

“कोण हवंय आपल्याला?” अगदी अदबीने विचारते. “दादा लिहायला बसलाय. नंतर याल?”

परवा तिच्या पदराआडून मला तिचा गळा दिसला. त्यावर निळसर डाग उमटायला लागलेत, बोटांएवढे. तिच्यामागे, आतल्या खोलीत, मामा टेबलाशी बसला होता. समोर कोरे कागद. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली घालून, अंगाचा सगळा भार टाकून दाबून धरले होते. माझ्याकडे बघून तो रडत होता, पण हात काही बाहेर काढेना.

त्या रविवारपासून मामाने एक ओळही लिहिलेली नाही.