हाव म्हणणारा

दसरा तोंडावर आला की अंबागेटजवळच्या पंजाबरावांच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. भातकुलीच्या मळ्यातून टेम्पो येतो, खालच्या खोलीत झेंडूचा ढीग छताला टेकायला बघतो, आणि तो कडवट ओला वास जिना चढून थेट गीतांजलीच्या टेबलापर्यंत येतो. त्याच टेबलाशी बसून पंजाबरावांची ही पोरगी अर्ध्या जगातल्या शास्त्रज्ञांना दमात घ्यायची.

काम असं होतं. युरोपाजवळच्या एका खोल समुद्राच्या तळाशी काचेचे गोळे सोडले होते. आकाशातून येणाऱ्या अदृश्य कणांमुळे पाण्यात क्षणभर चमक उठली की ते गोळे ती टिपत. ती चमक वाचायचा प्रोग्राम देशोदेशीचे गट तुकड्यातुकड्यांनी लिहीत, आणि प्रत्येकाला आपलाच तुकडा सोन्याचा वाटे. ते तुकडे जोडायचे, तपासायचे आणि एक दिवस ठणकावून सांगायचं, हा घ्या, आता सगळ्यांनी हाच वापरा. याला म्हणायचं रिलीज. कॉलेज अर्धवट सोडून स्वतःच शिकलेल्या पोरीला, तेही अमरावतीत बसून, हे काम मिळालं म्हणून पुष्कळांच्या पोटात दुखलं. दुखू द्या. पण पहिलंच रिलीज बिघडलं तर काम सौमित्रकडे जाईल, हे तिला तोंडावर सांगितलेलं होतं.

सौमित्र तिच्याच बरोबर लागलेला. मूळ अकोल्याचा, वकिलांच्या घरातला. पुण्याला गेला आणि 'मले'चं 'मला' करून बसला. माणूस वाईट नव्हता. नुसता इस्त्री केलेला होता.

रिलीजआधी इंटरनेटवर सगळ्यांची बैठक भरे. गीतांजली एकेका गटाचं नाव घेई आणि तो गट 'तयार' म्हणे. शेवटच्या गटानंतर ती जरा थांबे, मग निर्णय सांगे. पहिल्या सरावाला त्या थांबण्यात कोणीतरी बोललं.

"हाव."

वऱ्हाडात होकार देतात तसं. आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा. तोंडात सुपारी धरल्यासारखा, सावकाश.

सौमित्रने लगेच टोमणा मारला. "गीतांजली, घरच्यांना सांग, मीटिंग सुरू आहे."

घरात कोणी नव्हतं. बाबा आणि आई इतवारा बाजारात फुलं विकत होते. पुढच्या सरावाला तिने नावं घेऊन झाल्यावर स्वतःचा माइक बंद केला. तरी हाव आलंच. बोलणाऱ्याची चौकट स्क्रीनवर उजळते. एकही उजळली नाही. तिने रेकॉर्डिंग लावून पाहिलं. त्यात त्या जागी नुसती शांतता होती, आणि शांततेनंतर सगळ्यांचं हसू. दारात ओळखीचं माणूस आल्यावर हसावं, तसं.

भीती मात्र वाटली नाही, हे खरं. उलट बैठकांना रंगत आली. जपानचा गट 'तयार'ऐवजी 'हाव' म्हणायला लागला, मग इटलीचे प्राध्यापक, मग सगळेच. कोणी शिकवलं नव्हतं. एकमेकांच्या चुका काढून भांडणारी ही विद्वान मंडळी शाळेतल्या पोरांसारखी खिदळायची. पंजाबराव खालून विचारायचे, "काय वं गीता, तुहे साहेब लोक काहून एवढे हासून राहिले?"

रिलीजच्या दिवशी दुपारी टेबलावर तिने झेंडूचं तोरण लावलं. नावं घेतली. एकेक हाव आला, एकाहून एक मजेशीर. शेवटचा गटही हाव म्हणाला.

ती थांबली.

काही आलं नाही.

हसू विरलं. स्क्रीनवरचे सगळे चेहरे जागच्या जागी वाट पाहत होते. खालून ओल्या फुलांचा वास येत होता.

मग सौमित्र बोलला, पुण्याची इस्त्री मोडून. "गीता, थो बोलला नाई."

इटलीचे प्राध्यापक वैतागले. सगळे गट तयार, तपासण्यांना हिरवा दिवा, मग अडलं कशाला? कारण सांगा, म्हणाले. तिच्याकडे कारण नव्हतं. थांबवलं तर उशीर तिच्या नावावर, आणि काम सौमित्रचं.

"मी हे रिलीज आज सोडत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "काढायचं असेल तर मला काढा. पण आधी सगळं पुन्हा तपासा."

चूक दुसऱ्या दिवशी सापडली, आणि सापडली प्राध्यापकांनाच. गोळ्यांची घड्याळं जुळवणारी फाईल मागच्या वर्षीची राहिली होती. रिलीज सुटलं असतं तर येत्या सगळ्या हिवाळ्यात टिपलेला प्रकाश कचरा समजून फेकला गेला असता. त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. मनाचा मोठा माणूस, म्हणून एवढं केलं.

फाईल बदलून पुन्हा नावं घेतली. ती थांबली.

"हाव."

तिने बटण दाबलं. टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी भांडं बडवलं. सौमित्रने कॅमेऱ्यासमोर हात जोडले आणि म्हणाला, "जितली वं तू." खाली बाबांनी फटाक्यांची लड लावली. गीतांजली हसता हसता रडली.

एकेक चौकट विझली. प्रयोगाच्या प्रमुख, जर्मनीच्या एल्केबाई, तेवढ्या मागे राहिल्या. काम आता कायमचं तुमचंच, म्हणाल्या. गीतांजलीने आनंदाच्या भरात त्या म्हाताऱ्याबद्दलही माफी मागून टाकली. आमच्याकडूनच कुठून तरी आवाज येत असावा, म्हणाली.

"तुमच्याकडून?" एल्केबाईंना नवल वाटलं. "नाही. तुम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून तो येतो. तेव्हा दोन आवाज होते. एक बाई काहीतरी विचारून तुमच्यासारखीच थांबायची, मग तो हे 'हाव' म्हणायचा. भाषा कुठली, आम्हाला कधी कळलं नाही."

"आणि ती बाई?"

"तुम्ही रुजू झालात," एल्केबाई म्हणाल्या, "त्या दिवसापासून ती बोललेली नाही."