सदतिसावं मिनिट

खोटं वाटलं तर वाटू दे. पण माझ्या लेकीची शपथ, यातला एक शब्दही पदरचा नाही.

मंगळवार होता. दुपारचे सव्वादोन. बाळ पाळण्यात, मी धुतलेल्या लंगोटांच्या ढिगाऱ्यात.

माझ्या दादाचा बँड होता. आमच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्यांनी एकच अल्बम केला. शंभर कॅसेटी काढल्या, एकोणीस खपल्या. त्यातल्या तीन आईनेच घेतल्या.

त्याच हिवाळ्यात दादा गेला.

मग नवल झालं. कुठली कुठली पोरं त्या कॅसेटीवरून शिकू लागली. गाण्यांखालची ती वाफाळ खरखर सगळ्यांना हवी. विचारतात, "तो आवाज काढला कसा?"

काढला कसला! शेजारी मी इस्त्री करत होते.

आणि तो शेवट. शेवटचं गाणं संपल्यावर दादा मोजतो. एक… दोन… तीन…

'चार' नाही. तिथे तो नेहमी नुसती मान हलवायचा आणि बँडमधला ढोल्यादादा ड्रमवर काठी टाकायचा. इथे काठीही पडत नाही. पोरं त्याचीसुद्धा नक्कल करतात.

त्या मंगळवारी ढोल्यादादाचा फोन आला. अल्बम पुन्हा निघणार होता, मूळ टेप तो साफ करत होता.

"छोटे, तेव्हा खोलीत कुणाचं तान्हं होतं का गं?"

"वेड लागलंय का? सगळ्यांत लहान मीच. तेरा वर्षांची घोडी."

"मग ऐक."

त्याने खरखर काढून टाकली होती. तिच्याखाली…

श्वास होता.

दोन छोटे. मग शांतता. मग एक लांब.

माझी पिटुकली अगदी असाच श्वास घेते. जन्मापासून.

"सबंध अल्बमभर आहे," तो म्हणाला. "सदतिसाव्या मिनिटाला थांबतो. मग तुझा दादा मोजायला लागतो."

घड्याळात दोन सतरा. ती झोपली होती एक चाळीसला.

पाळण्यातून दोन छोटे आले…

लांब आलाच नाही.

मी तिला उचललं, गदागदा हलवलं. "एक, दोन, तीन, ऊठ गं सोने!"

तीनला ती रडली.

डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे. नवरा म्हणाला, "अगं, तुझी झोप होत नाही, त्याचे हे खेळ."

तेव्हापासून छत्तीस मिनिटं झाली की तिला उठवते. दिवसा, रात्री, गजर लावून. हे लिहिणंही दोन गजरांच्या मधलंच.

महिन्याभराने पुन्हा फोन.

"छोटे… तीनच्या पुढचं वर आलंय. 'चार' आहे गं तिथे."

"दादाचा आवाज?"

तो म्हणाला, "बाईचा आहे. तुझा. तेव्हाचा नाही, आत्ताचा."

"आणि पुढे?"

"पुढे कुणी रडत नाही."

त्या दिवसापासून मी तो आकडा उच्चारत नाही. दुकानातसुद्धा 'तीन आणि एक' म्हणते. दुकानदार हसतो.

परवा दुपारी पाळण्याला टेकून बसले होते. किती दिवसांची जागी… डोळा लागला.

जाग आली ती माझ्याच आवाजाने. मी मोजत होते. कुठपर्यंत, ते आठवत नाही.

बेचाळीस मिनिटं झाली होती.

वाकून पाहिलं. पिटुकली टक्क जागी, माझ्याकडे बघत होती. श्वास चालू होता. पण सरळ, एकसारखा. दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

आज तिसरा दिवस.

ती अजून रडलेली नाही.