काचबशीतला अडखळलेला ठोका

काचबशीत यदूच्या हृदयाच्या पेशी अगदी शिस्तीत धडधडत होत्या. टिकू यंत्रमानवाने घशाच्या नेहमीच्या औषधाचा एक थेंब टाकला, आणि ठोका अडखळला.

"कमाल आहे!" नाना म्हणाले. "गेल्या वर्षी हेच औषध घेऊन आपला यदू तिसऱ्या दिवशी पतंग उडवत होता. मग त्याच्याच पेशी आज का रुसल्या?"

नाना हे तालुक्याच्या पेशीघराचे प्रमुख आणि अकरा वर्षांच्या मैथिलीचे आजोबा. मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायचे, त्यांच्या गाभ्यातल्या मूळपेशींपासून (ज्यांच्यातून निरनिराळ्या पेशी घडवता येतात) हृदयाच्या पेशी वाढवायच्या आणि औषध मुलाला देण्याआधी त्यांच्यावर तपासायचं, असं तिथलं काम. नानांना त्याचा केवढा तोरा! "पहिली ते चौथी, एकाही मुलाचा दात राहिलेला नाही," हे पाहुण्यांना चहाआधी ऐकावं लागे.

आज मैथिलीचा धाकटा भाऊ यदू घरी तापाने फणफणला होता आणि बशीवरच्या त्याच्या नावाच्या चिठ्ठीकडे ती टक लावून बघत होती.

"पेशी खराब झाल्या असतील. टाकून देऊ?" टिकूने विचारलं.

"थांब रे, शहाण्या. मैथिली, इकडे बघ. पेशीच्या आवरणात सूक्ष्म दारं असतात, त्यांना आयनमार्ग म्हणतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण. मीठ पाण्यात विरघळलं की असे कण सुटे होतात. सोडियमचं दार उघडलं की कण आत घुसतात आणि ठोका सुरू होतो. कॅल्शियम आत आलं की पेशी आकसते. शेवटी पोटॅशियम बाहेर पडतं, तेव्हा कुठे पेशी शांत होऊन पुढच्या ठोक्याला तयार होते."

"आणि औषध काय करतं?"

"काही औषधांचे रेणू थेट दारातच ठाण मांडतात. दाढ काढताना बधिर करणारी सुई देतात ना? ती नसांमधली सोडियमची दारं अडवते, म्हणून दुखल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या कॅल्शियमची दारं अडवून रक्तवाहिन्या सैल करतात. हे घशाचं औषध खरं तर जंतूंसाठी, पण थोडं पोटॅशियमच्या दारातही रेंगाळतं. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण कुणाची ती दारं जन्मतःच कमी असली, तर पेशीला शांत व्हायला उशीर होतो आणि ठोका चुकतो."

"नानासाहेब, टाकून देऊ?" टिकूने पुन्हा विचारलं.

बशी गेली की मैथिलीचं गुपितही तिच्यासोबत कायमचं गडप होणार होतं. पण तिच्याने राहवेना.

"नाना, तो दात यदूचा नाही. माझा आहे."

"काय?"

"यदूचा दात आईने रिवाजाप्रमाणे छपरावर भिरकावला. मग सापडलाच नाही. तुम्ही तर गावभर सांगून बसला होतात! प्रमुखांच्या नातवाचाच दात नाही, असं झालं असतं. त्याच आठवड्यात माझी दुधाची दाढ पडली. मी पाचवीत, त्यामुळे ती कुणी मागणार नव्हतं. मी तीच डबीत घालून दिली."

नानांनी बशीकडे बोट दाखवलं. "या बशीच्या भरवशावर यदूला कसलंही औषध दिलं गेलं असतं, कळतंय का?"

"कळतंय," मैथिली रडत म्हणाली.

"आणि आज गप्प राहिली असतीस, तर उद्या तुझा घसा धरल्यावर हे औषध तुझ्याच पोटात गेलं असतं." नानांनी तिला जवळ घेतलं. "माझ्या बढाईपायी घडलं हे सगळं. पण तू खरं बोललीस, पोरी. मला तुझा फार अभिमान वाटतो."

अशी जन्मजात उणीव भावंडांमध्ये सारखी असू शकते, म्हणून यदूसाठीही त्या दाराकडे न फिरकणारं दुसरं औषध ठरलं. त्याचे पेशीनमुने नव्याने घ्यायचे आणि दोघांचेही हृदयालेख (ईसीजी) काढायचे, असंही नानांनी डॉक्टरांना कळवलं.

"माझं हृदय अधू आहे का, नाना?"

"छे गं! काही औषधं तेवढी टाळायची. आणि जंतूंना मारून हृदयाच्या दारांना धक्काही न लावणारी नवी औषधं शोधायचीत ना, त्यांची परीक्षा घ्यायला तुझ्या पेशींसारखी कडक मास्तरीण दुसरी नाही!"

टिकूने औषध धुऊन टाकलं. हळूहळू ठोका ताळ्यावर आला. त्याने बशीवरची जुनी चिठ्ठी खरवडून काढली. "इथे नाव कुणाचं लिहू?"

मैथिलीने डोळे पुसले आणि मान ताठ केली.

"माझं लिही. ही माझी आहे."