'या' न म्हणणारं घर

रामनाथ उमरोळीला उतरला तेव्हा दुपार कलली होती. काम नेहमीचंच होतं. मुंबईच्या ज्या कॅन्सरच्या इस्पितळात तो नोकरीला होता, तिथल्या डॉक्टरांना एक गोष्ट मोजायची होती. गाठ नव्हे. गाठ मोजायला त्यांच्याकडे यंत्रं होती. त्यांना आजाऱ्याचं मन मोजायचं होतं. रोग कळल्यावर माणूस खचतो, झुंजतो, की देवावर भार टाकून स्वस्थ बसतो? त्यासाठी वाक्यं छापली होती. रामनाथने वाक्य वाचायचं, आजाऱ्याने 'कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, नेहमी' यांतलं एक सांगायचं, मग रामनाथने तिथे खूण करायची. साल अठ्ठ्याऐंशी. तो पालघरचाच, म्हणून इकडचे आजारी त्याच्या वाट्याला आले होते.

कामाला तो चोख होता. समोरच्याचे डोळे भरून आले तरी त्याचं पेन थांबत नसे.

मात्र दोन महिन्यांपासून त्याच्या डाव्या गालात आतून एक चट्टा होता. तंबाखूची सवय जुनी. चट्टा दुखत नव्हता, आणि न दुखणारा चट्टाच वाईट, हे इस्पितळात राहून त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने तो कोणाला दाखवला नव्हता. बायकोला, मंगलाला, दाढ दुखते म्हणून सांगितलं होतं. दिवसभर जिभेने चाचपायचा आणि उद्यावर ढकलायचा.

सुगंधाबाईंचं घर वाडीच्या टोकाला होतं. वारा तारापूरकडून येत होता. मोगऱ्याच्या वासात कारखान्यांचा उग्र वास मिसळला होता. बाई ओट्यावर बसल्या होत्या. साठीच्या, हाडांना कातडी चिकटलेली, पण नजर ताठ. छातीची गाठ काढून वर्ष झालं होतं आणि ती पुन्हा उठली होती. डॉक्टरांनी दिलेली मुदत कधीच उलटून गेली होती.

त्या 'या' म्हणाल्या नाहीत. नुसतं पाटाकडे बोट केलं. शेजारी, त्याच्या डाव्या हाताला, दुसरा पाट मांडलेला होता. बाई आत जाऊन पाणी घेऊन आल्या. दोन भांडी, दोन्हींवर ताटली, ताटलीत गुळाचा खडा. एक त्याच्यापुढे ठेवलं, एक रिकाम्या पाटापुढे. दुसरं नवऱ्यासाठी असेल, असं रामनाथला वाटलं. नवरा, नरहरीकाका, पलीकडे केळींना पाणी लावत होते.

"काकी, वाक्य वाचतो. पटेल तेवढं सांगा. 'मी आजाराशी झुंजते आहे.'"

"आजार नाय म्हनत आमी. पावणा हाय तो."

"बरं, पाहुणा. झुंजता?"

"पावण्याशी कोन झुंजतं?"

"मग हे बघा. 'मी सगळं देवावर सोपवलं आहे.'"

"देवाला दुसरी कामं नायत? पावणा माझा. मीच बघायचा."

रामनाथने पान उलटलं. "'माझ्या हातात काहीच उरलं नाही, असं मला वाटतं.'"

"हातात पान्याचं भांडं हाय ना. तो दारात बसलाय. गूळपानी देते. आत ये म्हनत नाय, ऊठ म्हनत नाय. बसलाय तवर बसू दे."

"मग मी खूण कुठे करू?"

"बसलाय, असं लिवा."

"तशी जागा नाही यात."

"मग कागद छापणाऱ्याच्या दारात कोन आलेलं नाय अजून," बाई म्हणाल्या, आणि हसल्या.

रामनाथही हसला. मग त्याच्या तोंडून छापलेलं नसलेलं वाक्य गेलं. "भीती नाही वाटत, काकी?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या डाव्या बाजूला पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"वाटते तर. पन ती घरच्यांना सांगायची. त्याला नाय. तुमी उलटं करताय... घरच्यांपासून चोरता, आन् त्याच्याशी दिवसभर बोलता."

रामनाथची जीभ गालापाशी होती. ती तिथेच थांबली.

त्याने घाईने कागद आवरले. उठताना सवयीने म्हणाला, "येतो, काकी."

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. निरोपाला 'या' म्हणायला पैसे पडत नाहीत. रामनाथला ते लागलं. तो तडक कुंपणाच्या फाटकाकडे, झाप्याकडे गेला. नरहरीकाका हात पुसत मागून आले.

"राग मानू नका," ते म्हणाले. "ती कोनालाच 'या' म्हनत नाय. एकाला म्हटलं तर दारातला ऐकतो. त्याला वाटतं, मलाच बोलावलं. मंग तो आत येतो. म्हनून पावण्यारावळ्यांना 'या' मी म्हनतो, हितं झाप्यापाशी येऊन. हितवर त्याला ऐकू येत नाय."

"बरं. मग म्हणा, काका. निघतो मी."

काकांनी तोंड उघडलं. रामनाथच्या डाव्या खांद्यापलीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"काय झालं?"

"हितं पन म्हनता येत नाय," ते हळूच म्हणाले. "दुसरं भांडं माझं नव्हतं. मी हिरीवरच पितो... घरी सांगून ठेवा."

रामनाथने मागे वळून ओट्याकडे पाहिलं. सुगंधाबाई दोन्ही भांडी उचलत होत्या. दुसरं भांडं त्यांनी उपडं केलं. त्यातून काही सांडलं नाही.

गाडीला वेळ होता, पण फलाटावर थांबावंसं त्याला वाटेना. तो पायीच पालघरला निघाला. रस्त्यावर खडी टाकलेली होती. त्याच्या चपलांखाली ती करकरत होती. थोडं पुढे गेल्यावर करकर दुहेरी वाटू लागली. तो थांबला की तीही थांबे, पण एक पाऊल उशिरा. डावीकडून गुळाचा वास येत होता. त्याने मान वळवली नाही. जीभ दातांत धरून ठेवली आणि चालत राहिला.

मग त्याला आठवलं, की मंगला माहेरच्या वळणाची आहे. दारात कोणीही दिसो, नवरा असो की दूधवाला, तिच्या तोंडून आधी 'या' बाहेर पडतं. लग्नात सगळ्यांनी तिचं त्याबद्दल कौतुक केलं होतं. तो पळू लागला. मागची करकरही पळू लागली.

दिवेलागणीची वेळ होती. मंगला दारात रांगोळीपाशी उभी होती. त्याला पाहून तिचा चेहरा उजळला. मग तिने त्याच्या बाजूला कोणी ओळखीचं आहे का, असं पाहिलं आणि हसून ओठ उघडले.

रामनाथने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"बोलू नकोस. आधी माझं ऐक."

तिला उंबरठ्याच्या आत घेऊन, तिथेच उभं राहून, त्याने गालातल्या चट्ट्याबद्दल सांगितलं. दोन महिने तो लपवला होता हेही सांगितलं, आणि भीतीही सांगितली. मंगला रडली नाही. तिने दिव्यापाशी नेऊन त्याचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाली, "उद्या पहिल्या गाडीने. मी बरोबर येते." मग तिने एवढंच विचारलं, "आणि ते बाहेर थांबलेत, ते कोण?"

डॉक्टरांनी चट्टा काढला. वेळेवर आलात म्हणाले. रामनाथचा गाल आत ओढला गेला, पण माणूस राहिला.

सुगंधाबाई आणखी दोन वर्षं तशाच होत्या. एके दिवशी भाचीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन एक बाई आली. आनंदाच्या भरात सुगंधाबाई तिला 'या' म्हणून बसल्या. म्हटल्याबरोबर तोंडावर हात ठेवला. नंतर फार दिवस लागले नाहीत. नरहरीकाकांनी रामनाथला हे सांगितलं तेव्हा ते रडत नव्हते. म्हणाले, "एका शब्दाला आमी चुकलो."

रामनाथच्या घरी आता आल्यागेल्याला कोणी 'या' म्हणत नाही. शेजारी त्यांना माजोरी म्हणतात. म्हणू देत. दाराबाहेर एक पाट असतो. त्यापुढे मंगला दिवेलागणीला भांडंभर पाणी ठेवते, वर ताटली, ताटलीत गूळ. सकाळी भांडं रिकामं असतं. पाहुणेरावळे म्हणतात, कावळा पीत असेल, नाहीतर मांजर.

असेल. पण ताटली रोज भांड्यावर परत नीट झाकलेली असते.