मोटर लाव

हे वाचून कोणी म्हणेल, मनानं रचलंय. म्हणू द्या. ज्या मुलीवर हे गुदरलं ती माझी मामेबहीण आहे, आणि आजही दुपारी फोन वाजला की तिचा चेहरा उतरतो.

मागच्या वर्षीचा मे महिना. जागा, अमरावतीच्या गाडगेनगरमधलं एक लहानसं ऑफिस.

आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

माझी ही बहीण, प्रणाली, तिथं प्रोग्रामर होती. त्यांची कंपनी शेतातल्या मोटरींना मोबाईल स्टार्टर बसवून द्यायची. शेतकऱ्यानं फोन लावून नुसतं "मोटर लाव" म्हणायचं, की विहिरीवरची मोटर सुरू. लाइन, म्हणजे वीज, नसेल तर प्रोग्राम थांबून राहायचा, आणि लाइन आली की मोटर लावायचा.

प्रत्येक मोटरसाठी त्या चालू प्रोग्राममध्ये एक ऑब्जेक्ट असायचा, त्या मोटरची सगळी माहिती धरून ठेवणारा कप्पाच म्हणा. प्रणालीचं खास काम म्हणजे, प्रोग्राम बंद न करता त्या ऑब्जेक्टच्या आत डोकावणं. त्याला विचारायचं... तुझ्यात काय आहे? तुला कोणी बोलावलं? कोडच्या कुठल्या ओळीवर थांबलायस?

तो सांगायचा. जे असेल तेच सांगायचा.

त्या दिवशी जेवणाचा डबा उघडायच्या बेतात असताना फोन आला. अकोटच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून. जमुनाबाई नावाच्या बाई होत्या. संत्र्याचा बगीचा होता त्यांचा.

"बाई, आमची मोटर आपल्याच मनानं चालू होते."

"कधी होते, मावशी?"

"सांजच्याला लाइन आली का होते. मी फोन लावत नाही, कोणी लावत नाही. मी तं आता तिकडं फिरकत बी नाही."

प्रणालीनं त्यांच्या मोटरचा ऑब्जेक्ट उघडला.

एक कॉल थांबलेला होता. लाइनची वाट पाहत. त्याच्या आत, फोनवर बोललेले शब्द जिथं साठतात तिथं, दोनच शब्द होते.

मोटर लाव.

"मावशी, एका नंबरवरून कॉल आलाय." तिनं नंबर वाचून दाखवला.





"आमच्या मालकाचा नंबर हाय तो."

"मग त्यांनीच लावला असेल."

"ते गेले, बाई. मागच्या उन्हाळ्यात. त्याच विहिरीत."

जमुनाबाईंचे यजमान भगवंतराव विहिरीतला गाळ काढायला उतरले होते. पाणी खाली राहावं म्हणून मोटर चालू होती. जमुनाबाई भाकरी आणायला घरी गेल्या, आणि लाइन गेली. झऱ्यांचं पाणी भरत गेलं. पाय गाळात रुतलेले, दोर वरच. बाई परत आल्या तेव्हा विहीर शांत होती.

माणूस सापडला. मोबाईल मात्र सापडलाच नाही.

प्रणालीनं ऑब्जेक्टला विचारलं, हा कॉल केव्हापासून थांबलाय?

तारीख त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्याची होती.

तिनं तारीख पुन्हा वाचली. कारण त्यानंतर प्रोग्राम कितीतरी वेळा बंद करून पुन्हा सुरू केला होता. चालू प्रोग्रामच्या आतलं सगळं अशा वेळी पुसलं जातं. काही म्हणता काही उरत नाही.

तिनं धर्मेंद्र सरांना बोलावलं. कंपनी त्यांचीच. त्यांनी उभ्याउभ्या पाहिलं आणि हात झटकला.

"जुना कचरा असन. काढून टाक."

तिनं कॉल काढून टाकला. गेला.

सर वळले. तिनं पुन्हा पाहिलं...

कॉल तिथंच होता.

आता शब्द जास्त होते.

मोटर लाव. पाणी चढून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी फिटर किसनरावांना पाठवून स्टार्टरचा डबाच काढून आणवला. डबा प्रणालीच्या टेबलावर ठेवला. वायरी कापलेल्या, सिम काढलेलं.

"आता पायतो कोण कॉल करते," सर म्हणाले.

दुपार झाली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कूलरची घरघर तेवढी चालू होती.

मग कूलर बंद पडला... का कोण जाणे. दिवे चालूच होते.

त्या शांततेत तिनं ऑब्जेक्ट उघडला.

मोटर लाव. कंबरीच्या वर आलं.

सर तिच्या खुर्चीमागे उभे होते. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली, एवढं तिला जाणवलं.

"कोणीतरी मस्करी करून राहिलं. हे शब्द टाकते कोण, ते पाय."

तिनं विचारलं. ऑब्जेक्टनं कोडची ओळ दाखवली. आलेला कॉल ऐकून लिहून घेणारी ओळ. प्रणालीनंच लिहिलेली. तिथं कोणाचा हात शिरलेला नव्हता.

पण कॉल येत कुठून होता? त्या वेळी सर्व्हरवर एकही कॉल चालू नव्हता.

तिनं पुन्हा पाहिलं. का पाहिलं, हे तिला आजही सांगता येत नाही.

बाई... तू पाहून राहिली ना?

मंग लाव ना मोटर.

सर मागं सरकले. दरवाजा वाजला. ते बाहेर निघून गेले होते.

प्रणाली एकटी राहिली. तिनं जमुनाबाईंना फोन लावला. रडू आवरत म्हणाली, "मावशी, विहिरीवर जा. मोटर थेट लावा. लवकर!"

"लाइन कुठी हाय, बाई? सांजच्याला येते ना. पण काहून?"

प्रणालीनं सांगायला नको होतं. पण तिनं सांगितलं. सगळं.

पलीकडे चपलांचा आवाज... पळण्याचा.

"वाचून दाखव मले. काय म्हणते ते वाचून दाखव."

प्रणाली वाचत गेली. दर वेळी पाहिलं की शब्द बदललेले असायचे. छातीला लागलं. पाय निघत नाही. जमुना कुठी हाय.

"म्या इथंच हाय म्हणा त्याले! काठावर हाय म्हणा!"

चालू ऑब्जेक्टमध्ये नुसतं पाहताच येतं असं नाही, लिहिताही येतं. प्रणालीनं लिहिलं... जमुना काठावर हाय.

तिनं पुन्हा पाहिलं.

मग...

काठावर हाय? मंग दोर काहून टाकत नाही?

तिनं वाचून दाखवलं. फोन कुठंतरी आदळला. दुरून जमुनाबाईंचा आवाज आला, "टाकला! टाकला वं बाई, सांग त्याले!"

प्रणालीनं लिहिलं... दोर टाकला.

फोनमध्ये रहाटाची कुरकुर ऐकू आली.

आणि जमुनाबाई किंचाळल्या.

"ताणला! दोर ताणला, बाई! कोणतरी धरला!"

"ओढा, मावशी! कोणाला तरी बोलवा!"

"कोणी नाही वं इथं... लय जड हाय..."

प्रणाली उभी राहिली होती. ऐंशी-नव्वद किलोमीटरवर एक बाई एकटी दोर ओढत होती, आणि ही टेबलापाशी उभी राहून नुसती पाहत होती. दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. खिडकीतून रस्त्याकडे पाहून तिनं हाका मारल्या, त्याही कोणाला ऐकू गेल्या नाहीत.

तिनं स्क्रीनकडे पाहिलं.

हात निसटून राहिला.

मग शब्दांची जागा रिकामी झाली. कॉलही नव्हता. कधी आलाच नव्हता, असा ऑब्जेक्ट स्वच्छ झाला.

फोनमध्ये जमुनाबाईंचं रडणं तेवढं ऐकू येत होतं. दोर हलका झाला होता.

संध्याकाळी किसनराव ऑफिसात डोकावले तेव्हा प्रणाली तशीच बसलेली होती. त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं आणि दारातच थांबले.

कापलेल्या वायरींच्या त्या डब्यावर हिरवा दिवा लागला होता. मोटर सुरू झाल्याचा.

पुढच्या दुपारी कॉल पुन्हा आला.

मोटर लाव.

त्याच्या पुढच्या दुपारीही. सगळं पहिल्यापासून. गुडघे, कंबर, छाती... जणू काल काही झालंच नव्हतं. जमुनाबाई रोज काठावर जायच्या, रोज दोर टाकायच्या. दोर ताणायचा आणि सुटायचा. एकदा त्यांनी गावातल्या चार माणसांना नेलं, तर दोर जरासुद्धा हलला नाही. लोक त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. लाइन आल्यावर रात्रभर मोटर लावून त्यांनी विहीर कोरडी करून पाहिली. तळाशी गाळ तेवढा होता. दुसऱ्या दुपारपर्यंत पाणी पुन्हा चढलं होतं.

शेवटी धर्मेंद्र सरांनी सगळा प्रोग्रामच नवा करून घेतला. चालू असताना कोणालाही आत डोकावता येणार नाही, असा.

"आता काही दिसणार नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती.

खरंच काही दिसेना. प्रणालीनं हरतऱ्हेनं पाहिलं. दार बंद झालं होतं.

जमुनाबाईंचा फोन मात्र रोज दुपारी यायचा.

"आज काय म्हणून राहिले?"

पहिल्याच दिवशी प्रणाली खोटं बोलली.

"काही नाही, मावशी. आता शांत आहेत. कॉल येत नाही."

"खरंच?"

"खरंच."

असं कितीतरी दिवस चाललं. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. म्हातारीच्या जिवाला तेवढाच आराम, असं ती मला सांगायची.

पावसाळा लागायच्या आधीची गोष्ट. दुपारी फोन वाजला. प्रणालीनं उचलला आणि सवयीनं म्हणाली, "शांत आहेत, मावशी. काही म्हणत नाहीत."

पलीकडे वारा होता. त्याच्या आड दुसरंही काहीतरी होतं, खोलवरून येणारं... तिला नीट ऐकू येईना.

"शांत हायेत?" जमुनाबाई हळूच म्हणाल्या. "मंग बाई, हे विहिरीतून प्रणाली, प्रणाली म्हणून कोण हाका मारून राहिलं?"

प्रणालीनं आपलं नाव त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.