विणकर गल्लीतला दंडवत

दार लोटून घ्या आधी. आणि ते फोन खाली ठेवा रे, ऐकायचं तर नीट ऐका. खोटं सांगत असेन तर जीभ झडो माझी.

माझ्या शेजारचा लेकान. आईबाप लहानपणीच गेले. चुलत्यांनी, म्हणजे ओलोयेदेंनी, मागावर कंबर मोडेस्तोवर राबून त्याला शिकवलं. पोरगा लागोसला साहेब झाला. गेल्या ईदला आपल्या इसेयिनला आला तो पांढऱ्याशुभ्र घोळदार झग्यात, सोबत ऑफिसातले दोघं. चुलते मागावर बसलेले. थोरामोठ्यांपुढे आपण सरळ जमिनीवर पडून दंडवत घालतो. हा पठ्ठ्या हात पुढे करून म्हणतो, "काय काका, बरंय ना?"

गल्लीत हशा पिकला. ओलोयेदेंनी हात मिळवला. म्हणाले, "असू दे बाळा, कपडे मळतील."

पावसाळ्यात ते गेले. हा मातीलासुद्धा आला नाही. आला तो डिसेंबरात, बारा तारखेला, शुक्रवारी. चुलत्यांनी त्याच्या लग्नासाठी विणून ठेवलेलं कापड न्यायला. आपल्या रीतीप्रमाणे घरच्या अंगणातच त्यांची कबर. तिच्याकडे न बघताच घरात शिरला. मला म्हणाला, "लाज वाटते हो, मामा. सकाळी घालीन दंडवत, गल्ली उठायच्या आत."

पुढचं त्यानंच मला सांगितलं. रात्री दीडला वीज गेली. अंगणात कुणीतरी खाकरलं. काकांचंच खाकरणं. मग पावलं... दार... उंबऱ्यात काका.

लेकानला उठायचं होतं. पायांवर पडायचं होतं. अंगच हलेना.

काका बघत राहिले. मग हळूच वाकले. हात टेकले. छाती टेकली. कपाळ...

वडीलधारा माणूस... पोरापुढे.

"उठा काका... नका हो... पाप लागेल मला... उठा..."

ते उठले नाहीत.

पहाटे मी गेलो, तर हा कबरीवर पालथा, तोंड मातीत, हमसून हमसून रडतोय. खोलीत डोकावलो. उत्तरेच्या वाऱ्यानं रात्रभर धूळ आणली होती. त्या धुळीत, दारापासून खाटेपर्यंत, अख्खा माणूस उमटला होता.

आता माझं सांगतो. त्या दिवशी गल्लीत सगळ्यांत मोठ्यानं हसलो, तो मी. ओलोयेदेंहून दहा वर्षांनी धाकटा. मान खाली घालून घरी आलो.

माझ्या दारासमोर धूळ... तिच्यात गुडघे, छाती. कपाळ माझ्या उंबऱ्याला.